ब्लाउजची शिलाई सांगताना आवाज का खाली जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई आठ वर्षं घरी ब्लाउज शिवतात. हात चांगला आहे असं गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणतात, पण अस्तराच्या ब्लाउजचे तीनशे सांगितले की "घरीच तर शिवतेस, दुकानाचं भाडं थोडंच आहे" असं ऐकावं लागतं. दिवसाचे दहा-बारा तास मशीनवर जातात आणि महिनाअखेरीला हातात फारसं काही उरत नाही. गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो दाखवून "अस्संच पाहिजे" म्हणतं, आणि ताईंना स्वतःचं असं काही सुचेनासं झालंय. मान राखून हे काम करता येतं का, की सोडून द्यावं, असं त्या विचारतात.

ताई, सोडू नका. मात्र आज जसं करताय तसंच पुढची आठ वर्षंही करू नका.

भाव सांगताना आवाज खाली जातो, कारण बहुतेकींना आपला भाव स्वतःलाच माहीत नसतो. पलीकडच्या गल्लीतली तीनशे घेते म्हणून आपणही तीनशे. हा झाला अंदाज, आणि समोरच्या बाईने "अडीचशे घे की" म्हटलं की अंदाज कोसळतो, कारण त्याला धरून ठेवायला खाली काही नसतं. म्हणून सगळ्यात आधी घड्याळ आणि वही.

पुढचे सहा ब्लाउज शिवताना प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटं लिहा. अस्तराच्या प्रिन्सेस कट (छातीवरून उभ्या शिवणी जाणाऱ्या) ब्लाउजला सरावलेल्या हाताला साधारण असा वेळ लागतो: माप घेणं आणि बोलणं २० मिनिटं, अस्तर भिजवणं-वाळत घालणं-इस्त्री यात हाताचं काम १५ मिनिटं, आखणी आणि कापणी ४५ मिनिटं, मशीनवर अडीच तास, हुक, हुकाची घरं आणि हातशिलाई ४० मिनिटं, शेवटची इस्त्री, ट्रायल आणि बारीकसारीक दुरुस्ती ३० मिनिटं. झाले पाच तास. बहुतेक जणी फक्त मशीनवरचे अडीच तास मोजतात. उरलेले अडीच तास आपण दर ब्लाउजमागे फुकट देत असतो, आणि देतोय हे आपल्याला कळतही नाही.

आता पैसे मांडा. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावच्या बाजारभावाने बदलून घ्या. अस्तराचं सुती कापड एक मीटर ९० रुपये. दोरा, हुक, गळ्याला लावायचा कॅनव्हास मिळून २५. मशीनची मोटर आणि इस्त्री मिळून पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, तिचे ८ धरा. मोटरसकट मशीन १२,००० ला घेतलं असेल आणि पाच वर्षांत वसूल करायचं असेल, तर वर्षाला ३०० ब्लाउजांच्या हिशोबाने प्रत्येकावर ८ रुपये बसतात. सर्व्हिसिंग, तेल, सुया यांना वर्षाला १,५०० धरले तर ब्लाउजमागे आणखी ५. एकूण १३६ रुपये तुमच्या हातात मजुरी पडण्याआधीच गेलेले असतात.

म्हणजे अस्तर तुमचं आणि शिलाई तीनशे, तर उरले १६४. पाच तासांना भागा. तासाला तेहतीस रुपयेही पडत नाहीत. इथे वही बंद करून थोडा वेळ बसा, कारण हा आकडा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला की वाईट वाटतं. ते वाटू द्या. त्याच वाटण्यातून पुढच्या वेळी आवाज सरळ निघतो.

तासाचा दर किती धरायचा? कुशल कामगारासाठी राज्य शासनाने ठरवलेलं किमान वेतन पाहा. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे चालू आकडाच घ्या. त्यातल्या एका दिवसाच्या वेतनाला आठ तासांनी भागा. त्याच्या खाली कधीही जायचं नाही, ही तुमची तळरेघ. नमुन्यासाठी तासाला ८० धरले तर मजुरी ४००, अधिक १३६, म्हणजे ५३६. साडेपाचशे सांगण्यात हाव कुठेच नाही, हे आता तुमचं तुम्हालाच पटलेलं असेल.

हा हिशोब गिऱ्हाइकापुढे वाचून दाखवायची गरज नाही. किंबहुना दाखवूच नका, नाहीतर एकेका ओळीवर घासाघीस सुरू होते. एका कार्डावर दर लिहा आणि मशीनच्या वर भिंतीला लावा: साधा बिनअस्तराचा, अस्तराचा, अस्तराचा प्रिन्सेस किंवा कटोरी (छातीला वाटीसारखा काप), पैठणी किंवा भरजरी कापडाचा, पायपिंग वेगळं, नाडी-लटकन वेगळं, उसवून दुरुस्ती वेगळी, आठ दिवसांच्या आत हवा असेल तर घाईचे पैसे वेगळे. "दर काय गं?" असं विचारलं की कार्डाकडे हात करायचा. भिंतीवर लिहिलेल्या आकड्याशी माणसं तितकी भांडत नाहीत.

तरी कोणी म्हणालंच, "अगं घरीच तर असतेस", तर सरळ सांगा, "वहिनी, भाडं नाही म्हणूनच साडेपाचशे आहेत. अस्तर माझं आणि पुढे उसवून सैल करता येईल एवढं कापड आत ठेवते." एवढं बोलून गप्प बसा. आपल्यातल्या बऱ्याच जणी भाव सांगून झाला की लगेच पुढे बोलतात, "पण तुम्हाला बघते काहीतरी कमी." समोरच्या बाईने काही म्हणायच्या आत आपणच आपला भाव पाडलेला असतो. वाक्य संपलं की टेप गळ्यात घाला आणि माप घ्यायला लागा.

नणंद, मावशी, शेजारच्या काकू यांच्याकडून पूर्ण पैसे घेणं जड जातं, ते समजू शकतं. तिथेही पावती फाडा. वर ५५० लिहा, खाली "आपुलकीची सूट २००" लिहा, आणि ३५० घ्या. द्यायचंय ते प्रेमाने द्या, पण किती दिलं ते दिसू द्या. न दिसणाऱ्या प्रेमाचा पुढच्या वेळी हक्क होतो.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी दर एका रात्रीत वाढवू नका. "तुळशीच्या लग्नापासून नवे दर" असं दोन महिने आधी सांगा. लग्नसराई तेव्हाच सुरू होते, कामाची मागणी असते आणि नवा दर रुळायला सोपं जातं. आषाढात किंवा पितृपक्षात, काम कमी असताना दर वाढवला तर चार नकार ऐकून तुमचाच धीर सुटेल.

एवढं झाल्यावर खरी गोष्ट येते, ती म्हणजे बसण, फिटिंग. साडेपाचशे घेतले आणि ब्लाउज काखेत ओढला, तर भिंतीवरचं कार्ड काही कामाचं नाही. दर टिकतो तो शिवणीवर. म्हणून इथे जरा तपशिलात जाते.

पहिली गोष्ट माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं, त्याला आपल्याकडे माया म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणींत प्रत्येक कडेला सव्वा इंच माया ठेवा. पुढचे दोन आणि मागचे दोन अशा चार कडा होतात. प्रत्येकीतून अर्धा इंच सोडला तरी घेर दोन इंचांनी वाढतो, म्हणजे बाळंतपणानंतरही तोच ब्लाउज अंगात बसतो. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाला, मात्र अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, तिथे वळण आहे आणि जाड माया चुण्या पाडते. गळ्याला पाव इंच पुरे. यात हमखास होणारी चूक अशी, की वरच्या कापडाला माया ठेवतात आणि अस्तर नेमकं मापात कापतात. वर्षाने उसवायला घेतलं की कापड आहे पण अस्तर नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं! अस्तराला वरच्या कापडाइतकीच माया, यात तडजोड नको. शिवणीच्या टोकाला, कंबरपट्टीपाशी, जाड ढीग होत असेल तर तिथे माया तिरकी कापा, सरसकट कमी करू नका.

दुसरं अस्तर. दुकानातून आणलेलं सुती अस्तर तासभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाउजच्या कडा आत वळून गळ्याशी चुण्या दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं, "शिलाई खराब आहे." शिलाई चांगली असते, पाण्याचा एक तास वाचवलेला असतो. एकेका ब्लाउजसाठी भिजवत बसू नका. पांढरं, मोतिया, लाल, हिरवं, काळं असे नेहमी लागणारे रंग पाच-पाच मीटर आणून रविवारी एकदम भिजवा. लाल आणि काळं वेगळ्या बादलीत.

तिसरा मुंढा, आणि यात सर्वात जास्त गफलत होते. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, काखेत ओढतो. तक्रार आली की शिवणारी मुंढा आणखी खोल कापते. त्याने त्रास वाढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही ब्लाउजच्या बाजूला खाली जोडली जाते, आणि हात उचलला की ती सगळी बाजू सोबत उचलते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात उचलताना फक्त बाही हलते, ब्लाउज जागेवर राहतो. म्हणून ओढत असेल तर पुढच्या ब्लाउजात मुंढा अर्धा इंच वर घ्या आणि बाहीचा दंडघेर तपासा, बऱ्याचदा खरी अडचण तिथे असते. शिवून झालेल्या ब्लाउजात मुंढा वर घेता येत नाही. तिथे काखेत अडीच इंचाचा, उरेब धरून, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला चौकोनी तुकडा जोडा. हात खाली असताना तो दिसत नाही आणि हात वर जायला जागा मिळते. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत खोदलेला हवा, नाहीतर छातीच्या वर, काखेपाशी आडवी घडी पडते. बाहीलाही पुढची बाजू असते, तिचा खोदगा जास्त. दोन्ही बाह्या कापल्यावर पुढच्या बाजूला लगेच एक छोटी कात्री मारून खूण करा. खूण नसली की डावी बाही उजवीकडे जाते आणि बाही पिळल्यासारखी दिसते. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा अर्धा इंच मोठा असावा. एक इंच झाला तर खांद्यावर फुगा येईल.

गळा घसरतो, ही आणखी एक नेहमीची तक्रार. मागचा गळा नऊ इंच खोल हवा असेल तर खांद्याचं माप अर्धा इंच कमी धरून कापा, कारण खोल गळा उघडला की खांदे बाहेरच्या बाजूला सरकतात. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे खोल करू नका. एक खोल, दुसरा आवरलेला, असं गिऱ्हाइकाला माप घेतानाच सांगा. दोन्ही हवेच असतील तर मागे नाडी लागेल, तेही तेव्हाच सांगा. गळ्याला उरेब पट्टी सव्वा इंच रुंद, कापडाच्या उभ्या धाग्याला ४५ अंशात कापलेली. वळणावर पट्टी किंचित ताणून लावायची, सरळ भागात सैल सोडायची. सगळीकडे ताणली तर गळा गोळा होतो, सगळीकडे सैल सोडली तर लाटेसारखा उभा राहतो. उलटण्याआधी वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक काप द्या, शिवणीपासून एक-दोन धागे अलीकडे थांबून.

माप घेताना जुना ब्लाउज मागता, ते ठीक आहे, पण त्याचीच नक्कल करू नका. वापरून तो ताणलेला असतो, आणि आधीच्या शिवणारीच्या चुकाही त्यात असतात. "हा कुठे खुपतो?" असं विचारा आणि अंगावरही टेप लावा. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर आणि दोन टोकांमधलं अंतर ही दोन मापं बऱ्याच जणी घेत नाहीत. प्रिन्सेस कटची शिवण या टोकाजवळून जावी लागते. ती अर्धा इंच चुकली तरी छातीखाली पोकळ घडी दिसते. ब्लाउजसोबत जे आतलं घालणार तेच घालून माप द्यायला सांगा, ट्रायललाही तेच. लाजू नका, हा कामाचा प्रश्न आहे.

सुईबद्दल एकच सांगते: रेशमी आणि पातळ कापडाला ११ नंबर, सुतीला १४, जाड भरजरीला १६. आठ-दहा तास शिवून झालं की सुई बदला. बोथट सुईने रेशमातले धागे ओढले जातात, आणि काही रुपयांची सुई वाचवताना हजारोंची साडी विद्रूप होते. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले की बॉबिनशी खेळत बसतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो, त्यामुळे आधी दोरा पुन्हा ओवा, मग वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, किंचित घट्ट करा.

पैठणीचा ब्लाउज घ्यायच्या आधी कापड गिऱ्हाइकासमोर पसरा. दंडघेर १२ इंच असेल तर मायेसकट एका बाहीला १४ इंच काठ लागतो, दोघींना २८. तेवढा काठ सलग आहे का ते मोजा आणि मगच "काठ बाहीला येईल" असं म्हणा. साडीतला ब्लाउजपीस बहुतेक वेळा ८० सेंटिमीटरचा असतो. छाती ४० च्या पुढे आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल तर तो पुरेलच असं नाही. खणाचा पन्हा तर नेहमीच्या कापडाहून कमी, तिथे आधी कागदी तुकडे मांडून पाहायचे. रेशमावर टाचणी फक्त मायेत टोचा, बाहेर टोचलेली भोकं राहतात. बॉलपेनची खूण नको, पाणी शिंपडून इस्त्री तर नकोच, डाग पडतो. उलट्या बाजूने, वर सुती फडकं ठेवून, मंद इस्त्री.

कापड पुरत नाही हे कापायच्या आधी सांगणारीला लोक मान देतात. कापल्यावर सांगणारीचं कोणी ऐकत नाही.

आता तारीख. पाच तासांचा एक, या हिशोबाने घर सांभाळून आठवड्याला सहा ब्लाउज होतात. वर पाच-सहा तास दुरुस्त्यांना ठेवले की आठवडा भरला. लग्नसराईत आठ-नऊपर्यंत ओढता येईल. त्याहून जास्त घेतले की रात्री जागणं आलं, आणि रात्री अकरानंतर कापलेल्या कापडात चुका जास्त निघतात. रात्री हुक लावा, हातशिलाई करा, पण कात्री धरू नका. कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाच्या चौकटीत ब्लाउज लिहा, चौकट भरली की पुढची तारीख. लग्नाचा ब्लाउज असेल तर मुहूर्त विचारा आणि मुहूर्ताच्या आठ दिवस आधीची तारीख द्या, ट्रायल त्याच्याही चार दिवस आधी. "परवा या", "उद्या नक्की" यात बाईची इज्जत थोडी-थोडी झिजते, हे कडू आहे पण खरं आहे. दिलेली तारीख पाळणाऱ्या शिवणारीशी घासाघीस करताना गिऱ्हाईकच संकोचतं.

निम्मे पैसे आगाऊ घ्या, निदान अस्तराचे तरी. पावतीवर नाव, तारीख, दर, आगाऊ रक्कम आणि कापडात आधीपासून असलेला दोष लिहा: डाग, विरलेला धागा, सुटलेली जर. कापडाचा नखाएवढा तुकडा पावतीला टाचून ठेवा. दोन हिरवे ब्लाउजपीस एकाच दिवशी आले की त्या तुकड्याची किंमत कळते.

चूक झालीच तर? कात्री आहे, कधीतरी चुकणारच. गिऱ्हाइकाच्या आधी आपण सांगायचं: "काकू, मागचा गळा माझ्याकडून अर्धा इंच जास्त खोल गेला. त्यावर काठाची पट्टी लावून असा करता येईल, बघा." गळा खोल गेला तर नेट किंवा काठाची पट्टी, उंची कमी पडली तर उरलेल्या कापडाची कंबरपट्टी, छाती घट्ट झाली तर माया आहेच. काहीच जमत नसेल तर कापडाचे पैसे भरून द्या. त्यासाठी दर ब्लाउजमागे दहा रुपये वेगळे डब्यात टाका, वर्षाला तीन हजार जमतात आणि चूक कबूल करताना छाती धडधडत नाही. उलट, चूक आपली नसेल तर माफी मागू नका. विरलेलं कापड शिवणीशी उसवलं आणि पावतीवर तशी नोंद असेल, तर पावती दाखवा, शांतपणे बोला आणि दुरुस्तीचे पैसे घ्या. मात्र "घट्ट होतोय" असं कोणी म्हणालं तर आधी ऐकायचं, टेप लावायचा, मग बोलायचं. स्वाभिमान आणि हट्ट यांतलं अंतर त्या टेपएवढंच असतं.

"सुचत नाही" याबद्दल. दिवसाचे बारा तास दुसऱ्याच्या कापडावर, चुकायच्या भीतीत घातले की कोणाला काय सुचणार? सुचायला चुकता येईल असं कापड लागतं. मांजरपाट आणा पाच मीटर, किंवा जुनी चादर घ्या. आठवड्यातला एक तास, समजा बुधवारी दुपारी, गिऱ्हाइकाचं काही शिवायचं नाही. एकच गळा, एकच बाही, निम्मा मागचा भाग, जे मनात आहे ते करून बघा. बिघडलं तर कुठे बिघडलं ते त्याच्यावरच पेनने लिहून ठेवा. जमलं तर खाकी कागदावर उतरवून मापासकट फाइलला लावा. वर्षाने चाळीस-पन्नास नमुने होतील, आणि ते कोणाच्या मोबाइलमध्ये नसतील.

सुरुवात फोटोपासून करू नका, साडीपासून करा. साडी मांडीवर घ्या आणि काठ बघा. विदर्भातली करवती काठाची साडी घ्या: काठाला करवतीसारखे दाते असतात. तेच दाते गळ्याला आणता येतात. काठाच्या रंगाच्या पातळ सुती कापडाचे दोन इंचांचे चौकोन कापा, कर्णावर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. दोन इंच पायाचा, एक इंच उंच त्रिकोण तयार होतो, चार पदरी. उघड्या कडा गळ्याच्या शिवणीत पाव इंच घाला, पाऊण इंच उंचीचे दाते बाहेर दिसतील, प्रत्येकाची रुंदी दीड इंच. मागच्या गळ्याचं वळण १८ इंचांचं असेल तर असे बारा त्रिकोण लागतात. मधला आधी टाचा आणि दोन्हीकडे जात राहा, नाहीतर एका खांद्याशी अर्धा दात उरतो. जाड भरजरी कापड यासाठी घेऊ नका, चार पदर अधिक अस्तर मिळून शिवण दगडासारखी होते. बाही मग साधी ठेवा. एका ब्लाउजला एकच बोलणारी जागा असावी: पाठ तरी, नाहीतर बाही. दोन्ही सजवले की साडी हरवते.

इरकलीचं उदाहरण याहून सोपं. तिच्या पदराचा लाल रंग घ्या आणि गळ्याला नुसती बारीक लाल पायपिंग द्या. आत दोरी घालून, मशीनच्या एकेरी पायाने (चेन लावायला वापरतात तो) शिवणीला अगदी खेटून शिवली तर पायपिंग उठून येते. जागा सोडून शिवली तर लिबलिबीत दिसते. बस्स, दुसरं काही नको.

फोटो दाखवणारीला नाही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: फोटोतल्या बाईचे खांदे तुमच्यासारखे आहेत का, कापड तेवढंच जाड आहे का, आणि हा ब्लाउज उघडतो कुठून? पुढे हुक असलेल्या ब्लाउजला पुढच्या बाजूला अखंड डिझाइन येणार नाही, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच आलेलं नसतं. मग तुमचा एखादा मांजरपाटावरचा नमुना काढून दाखवा. "याचा असा बदल तुमच्या अंगावर जास्त शोभेल." डिझाइनचे शंभर रुपयेही कार्डावर वेगळे लिहून ठेवा, ते इथे लागू होतात.

शरीराकडेही बघा. मशीनची पाटी बसल्यावर कोपराच्या उंचीला हवी. स्टूल खाली असेल तर खांदे वर उचलले जातात आणि मान धरते. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. पाऊण तासाने उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. कापणी जमिनीवर वाकून करत असाल तर ते आधी बंद करा. जेवणाच्या टेबलावर, किंवा पायांखाली विटा घालून उंच केलेल्या पलंगावर फळी टाकून करा, कंबर वाचेल. घरातल्यांनाही वेळा सांगा: दहा ते एक मशीन, तेव्हा चहा कोणीतरी दुसऱ्याने करायचा. सुरुवातीला कुरबूर होईल. दुकानात जाणाऱ्या माणसाला दहा ते एक कोणी चहा मागत नाही, मग तुम्हाला का?

शिलाईच्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. घरखर्चाला द्या, पण आधी खात्यात येऊ द्या. वर्षाचा आकडा एका जागी दिसला की घरातल्यांचं "टाइमपास म्हणून करते" हे वाक्य आपोआप थांबतं. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत (२०२३ पासून) १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी गावच्या सामान्य सेवा केंद्रातून होते, ती सध्या चालू आहे का ते तिथे आधी विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

दर वाढल्यावर काही गिऱ्हाइकं जातील. त्यांना थांबवायला दर उतरवू नका, आणि जाताना टोमणाही मारू नका. मोकळ्या झालेल्या तासांत आधी राहिलेल्या दुरुस्त्या संपवा आणि दोन-चार ब्लाउज जास्त निगुतीने करा. गेलेल्यांपैकी काही परत येतील, बहुधा कोणाच्या तरी लग्नाआधी, काखेत ओढणारा दुसरीकडचा ब्लाउज पिशवीत घेऊन. तेव्हा मागचं काही काढू नका. पाणी विचारा, कार्डावरचाच दर सांगा. वहीत त्यांचं जुनं माप असेल, पण ते वापरू नका. वर्षभरात अंग बदलतं, टेप पुन्हा लावा.